दादाचा घास

किरकिर म्हणायची की किंकाळी, ते मला कधी ठरवता आलं नाही — लोखंडावर लोखंड घासायचं ना, त्या बादल्यांच्या साखळीचं, उन्हाळाभर, न थांबता — टुंड्रावरून थेट समुद्रापर्यंत ऐकू यायचं, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या आवाजात आम्ही गाढ झोपायचो. जाग यायची ती आवाज थांबला की. हो, तेच ड्रेज, जमीन खणून सोनं काढायचं तरंगतं यंत्र, आत्ता बघून आलात ते. गंजलंय. आता बदकं घरटी करतात त्यात. बसा ना, वेळ आहे अजून, तुमची बोट सुटायच्या आधी भोंगा वाजवते. बोट चुकलेला माणूस ह्या नोम गावात कंटाळून मरतो म्हणतात — मी काही मेलो नाही अजून.

मघाशी बाकीचे लोक दुकानात शिरले आणि तुम्ही मला विचारलंत, सुपरिंटेंडंट ऑस्टबींचं घर कुठे होतं, आणि म्हणालात, मी त्यांचा मुलगा, इथेच जन्मलो — म्हणून थांबवलं तुम्हाला. घर जळलं. पण मला घराचं नाही सांगायचं. हे खा आधी. सॅमन आहे, सुकवलेला, माझ्या सुनेनं वाळवलाय. वास येणारच, सीलचं तेल लावलंय. नको? बरं. राहू दे इथे बाकावर, दोघांच्या मध्ये.

आम्ही बेटावरचे. उन्हाळ्यात इथे यायचो, गावाच्या टोकाला चामड्याची होडी उलटी करायची आणि तिच्याखाली राहायचं. बाबा हस्तिदंत कोरायचे — वॉलरसचा हो, हत्ती कुठला इथे — आई तुमच्या घरी कपडे धुवायची, आणि दादा, अक्लाक त्याचं नाव, तो तुमच्या वडिलांच्या कंपनीत. गोठलेल्या जमिनीत पाइप ठोकायचे, पाणी सोडून जमीन सैल करायची, मग मागून ड्रेज येऊन ती खाणार. त्या दिवशी जेवता जेवता मुकादमानं हाक मारली. आमच्यात निघताना ‘येतो’ वगैरे म्हणत नाहीत. दादा उठला, चालायला लागला, तोंडात घास तसाच. आई मागून ओरडली, ‘तोंडातला घास तरी गिळ रे!’ त्यानं वळून बघितलं नाही. मी जेवून झोपलो होतो. जाग आली — म्हणजे आवाज थांबला होता. होडीखाली सगळे उठून बसलेले. मग आवाज परत सुरू झाला आणि मी परत झोपलो. लहान होतो, झोपणारच. उठल्यावर कळलं, दादा घसरून तळ्यात पडला. ते ड्रेज आपल्याच तळ्यात तरंगतं — पुढची जमीन खातं, मागे गोटे ओकतं, तळं त्याच्याबरोबर सरकत जातं. तळाशी माणूस असला तर तो मागे राहतो, गोट्यांखाली. ते ढिगारे आहेत ना, तुम्ही फोटो काढलात? त्यातला कुठलातरी.

नाही, नाही, तसं तोंड करू नका. मला काही वाटत नाही आता. थंडीनं बोट बधिर होतं, बघा — दुखत असतं तोवर ठीक, मग दुखायचं थांबतं. बोट असतं जागेवर. चमचा धरतं. तसंच आहे.

आणि मग तुम्ही जन्मलात. काय रडायचात! तुमची आई रडकुंडीला आलेली, डॉक्टर दोनदा येऊन गेला. माझी आई कपडे पिळत म्हणाली, ‘नाव मागतंय ते.’ आमच्यात असंच — पोर हवं ते नाव मिळेपर्यंत रडतं, आणि ते नाव कुणातरी गेलेल्याचं असतं, आणि मग ते पोर म्हणजे तोच. त्याच्यासारखं नाही. तोच. साबणाच्या हातांनी तिनं तुम्हाला उचललं, एकेक नाव कानात सांगितलं, आजोबांचं, तिच्या मावशीचं — तुम्ही आपले रडताय. मग तुम्हाला छातीशी धरलं. मग म्हणाली, ‘अक्लाक.’ थांबलात. उचकी लागली आणि तिच्याकडे बघत राहिलात. तिनं तुमच्या ओठांना पाणी लावलं. शेजारच्या होडीखालची पानियुक किती बोलली तिला — ‘आता साहेबाच्या पोराची आजी होऊन मिरव!’ आई म्हणाली, ‘आजी कसली? आई. आणि नाव मी कुठे दिलं, त्यानं घेतलं.’ मग रोज पदराआड — तिच्या अंगरख्याच्या खिशात हो — माशाचा तुकडा न्यायची, तुम्हाला चोखायला. नाव असलेल्याला खाऊ घातलं की ते त्या गेलेल्याला पोचतं. दुसऱ्या कशानं पोचत नाही. तुमच्या आईला कळलं असणार, कारण ती दार लोटून घ्यायची. आणि मी रस्त्यात तुम्हाला ‘दादा’ म्हणायचो! पोरं लोळायची हसून — ‘ह्याचा दादा बघा, लंगोटात मुतला!’

मग तुमच्या वडिलांची बदली झाली. आई विमानापाशी माशांची पुरचुंडी घेऊन गेली, पण दार लागलेलं. तेव्हापासून जेवताना हमखास म्हणायची, ‘तिकडे काय देत असतील त्याला? नुसता ब्रेड?’ दुसऱ्या कुणा पोराला ते नाव दिलं नाही — तू जिवंत असताना, म्हणजे तुम्ही — कसं देणार? शेवटच्या घटकेला मला म्हणाली, बोटी येतात, बघत राहा. आता माझी नात म्हणजे आई, तिचं नाव नातीनं घेतलं. पाच वर्षांची आहे. परवाच ओरडली माझ्यावर, नाक पूस म्हणून. ती जेवते पोटभर. आई जेवते. दादा तेवढा — तुमचा विश्वास नसला तरी चालेल. विश्वासाचं काय, एक घास.

काय? दादाला शोधलं का? शोधलं ना. शोधलं म्हणजे — चहा उकळेपर्यंत. हंगाम छोटा, यंत्र बंद ठेवून चालत नाही, तुमच्या वडिलांनी घड्याळ बघितलं, हात वर केला आणि तो आवाज — हे सांगायचं नव्हतं मला. जाऊ दे. म्हातारा माणूस, तोंड उघडलं की — नाही, आईला ठाऊक होतं. तुम्हाला उचललं तेव्हाही ठाऊक होतं. तरी थांबलात ना तुम्ही रडायचे. ती म्हणायची, तो थांबला, आता मी काय करू?

भोंगा नाही तो, ट्रक आहे. बसा. बोलू नका काही, नुसते —

हां. तो लहान तुकडा घ्या, मऊ आहे. असा. सालीकडून नको, इकडून. चाव हळूहळू. खारट आहे ना? आईच्या हातचा याहून खारट असायचा. थांब, हात पुसायला देतो काहीतरी, इथेच ठेवलं होतं मी — अरे, उठलास? थांब ना जरा — बरं. बरं, जा. पायरी निसरडी आहे तिथली. तोंडातला घास तरी गिळ, दादा —