रणगाड्याचा फॉर्म

नाही नाही, तो आकडा धरूच नका डॉक्टरीणबाई, तो माझ्यामुळे चढलाय — आत पाठवताना मीच नातवाच्या कानात सांगितलं, या बाई सुई दंडात टोचत नाहीत, बसायच्या जागी टोचतात. एकोणीस वर्षांचा, एकशे चौदा किलोचा गडी, पण सुई म्हटलं की पाचोळा. मग चढणारच की ब्लडप्रेशर. काय म्हणता, तीनदा मोजलंत? मधे अर्धा तास बाकावर बसवून? मग तुमचा दंडाला गुंडाळायचा पट्टा तोकडा असेल. कॉलेजच्या रग्बी संघात त्याला रणगाडा म्हणतात, उगीच नाही — समोरचे गडी वळसा घालून जातात. तीस वर्षं झाली मला तिथं बूट-जर्सी सांभाळून, असला बचावपटू बघितला नाही — मोठा पट्टा लावला होता? बरं. तुम्हीही पोचलेल्या निघालात.

वजनाचं म्हणाल तर तो प्रशिक्षकांचा हट्ट. दर सोमवारी काट्यावर उभं करतात, कमी भरला तर सामन्यात बाकावर. म्हणून पोरगं सकाळी बारा अंडी खातं, वर दोन लिटर पाणी ढोसून काट्यावर चढतं. एकदा मी गंमत म्हणून मागून हळूच काट्यावर पाय टेकवला — चार किलो वाढले. प्रशिक्षक खूश, म्हणाले, आता याच्या खाली यायचं नाही. झालं. माझ्या पायाचे चार किलो पोरानं महिनाभरात खरे करून दाखवले. हसत नाही तुम्ही. बरं.

फॉर्म? हो, अक्षर माझंच. त्याचं म्हणजे कोंबडीचे पाय. ‘घरात कुणाला हृदयविकार?’ — नाही लिहिलंय, दिसतंय मला. ही खिशातली डबी ना, पेपरमिंट आहे — वरचं औषधाचं नाव वाचता कशाला हो? वाचा, वाचा. पण मी म्हातारा, म्हाताऱ्याचं काय धरायचं. त्याचा बाप? बाप शिडीवरून पडला. एक्केचाळिसाव्या वर्षी, भिंत रंगवताना. पोराला तेवढंच ठाऊक आहे, आणि त्यात खोटं काही नाही, पडलाच होता — खालून तिसऱ्या पायरीवरून. मी शिडी धरून उभा होतो. मला वाटलं फसवतोय. माझाच मुलगा तो, सोंगं काढण्यात माझ्या वरताण. म्हटलं, ऊठ आता, पुरे झालं. दोनदा म्हटलं.

हं.

आणा इकडं तो फॉर्म, पेनही द्या. ज्यानं लिहिलं त्यानंच खोडावं. आता तपासण्या होईपर्यंत खेळ बंद, असंच ना? शनिवारी अंतिम सामना आहे, दोन वर्षं त्याच्यासाठी घाम गाळलाय त्यानं. तो आयुष्यभर माझ्याशी बोलणार नाही. नाही बोलला तर नाही, आयुष्य तरी असेल त्याला.

नको, हाक तुम्ही मारू नका, मी मारतो. आणि तुम्ही जरा बाहेर बसा. खोली तुमची आहे, ठाऊक आहे मला. जा. दार लोटून घ्या.