तुयं ठेवू का मायं

घरून काम करणं कठीण नाही गड्या, घरच्यांनी ते ऐकणं कठीण आहे. मी अन् माझी बायको रश्मी एकाच कंपनीत, एकाच प्रोजेक्टवर. रुआबांधा वस्तीतल्या घरी बसून आम्ही दोघांनीही तयार कोडच्या एकाच लायब्ररीचं व्हर्जन बदललं. मी सगळ्यात नवीन टाकलं, तिनं त्याच्या आधीचं. कोड एकत्र करायला गेलो तं ते जोडणारं सॉफ्टवेअर, गिट, अडून बसलं, दोघांतलं कोणतं ठेवू म्हणे. दुपारी क्लायंटले डेमो द्यायचा होता.

मी आतून ओरडलो, "रश्मी, आपला कॉन्फ्लिक्ट झाला! तुयं ठेवू का मायं?"

बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. पेपर ठेवून दारात आले. "काय झालं रे?"

"काही नाही बाबा, दोघांचं जमून नाही राहिलं. एकाचं काढा लागते."

बाबा गंभीर झाले. "तिचं ठेव."

"पण मायं नवीन आहे."

"म्हणूनच सांगून राहिलो. तिचं ठेव."

ठेवलं. ॲप सुरू झालं. माझ्या नव्या व्हर्जनचं बाकीच्या लायब्रऱ्यांशी पटतच नव्हतं.

मी खुशीत म्हणालो, "बाबा, मिटलं!"

"असं नाही मिटत," बाबा म्हणाले. "माफी माग."

मी मागितली. रश्मीनं स्क्रीनवरून नजर न हटवता माफ पण केलं.