झोपलेल्या रानडुकराची चार भोकं

...चार? पुन्हा मोजा, कामेदासाहेब. — चारच की! अहो, उठता काय, बसा, चहा निवतोय. आता बघा, एरवी कमरपट्ट्यात अडकवायच्या ह्या कोरीव लाकडाला, नेत्सुकेला, दोनच भोकं असतात, दोरी एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, खाली तंबाखूची पिशवी. आम्ही चार पाडली, म्हणजे तुमच्या वडिलांनी कमरेला हवं तसं लटकवावं, साठीची भेट आहे, हौस होऊ द्या— काय? एक जोडी थेट गालातून गेलीय? गेलीय खरी. पण डुक्कर झोपलंय ना, त्याला कुठे दुखतंय!

हसा की हो. बरं, नका हसू. अहो, माझ्या थोरल्या भावाचं काम हे, तोबेईदादाचं— अख्ख्या ताकायामात असा हात नाही. तो जाडा रेशीमवाला आला होता, खेकडा हवा म्हणाला, नांग्या पसरलेला. दादा म्हणतो, "शेटजी, चोर पिशवी नेईल तेव्हा नेईल, त्याआधी हा खेकडाच तुमची बाही फाडेल!" आणि दिला, पाय पोटाशी घेतलेला, मुठीत कितीही दाबा, टोचायचा नाही. असा माणूस. भोकं तर तो सगळ्यात शेवटी पाडतो, अंगाला टेकते त्या बाजूला, वरून दिसता कामा नयेत. ह्या डुकराचीही पाडली, बरोबर पोटाखाली. मग जेवला. जेवून बसला, आणि पुन्हा गिरमिट घेतलं—

नाही, म्हणजे— विसरतो हो थोडं. मागे बेडकालाही असंच... ते मी खुंट्या ठोकून, लाख लावून बुजवलं, कुणाला पत्ता नाही, दादालाही नाही. हे गालातलं बुजेना. बाहेर बोलू नका, साहेब, पाया पडतो. गावात कळलं की काम बंद, आणि काम बंद झालं तर त्या हातांनी करायचं काय? वहिनी गेल्यावर तेवढंच उरलंय त्याला. मला कधीकधी बाबांच्या नावाने हाक मारतो, पण लाकूड हातात दिलं की—

दादा! तू कधी आलास बाहेर? — काही नाही रे, साहेब काम बघतायत, खूश आहेत, हो ना, साहेब? — दे ते डुक्कर इकडे, अंगठा नको फिरवू, मेण ओलं आहे अजून... गालातली भोकं कोणी पाडली? मी. मीच. तू जेवत होतास, गिरमिट पडलेलं दिसलं, हात शिवशिवले माझे. — हो, गाढव आहे मी. जन्मभर तराजू धरला, हत्याराला हात लावायला नको होता. मार हवं तर. — अरे, रडतोस काय, दादा, मी पाडली म्हणतोय ना...

साहेब, तुम्ही या आता.