डिंपलचा सत्कार

...नाही, म्हणजे नोकरी जायचीच होती तर चार दिवस आधी जायची ना, निदान मांडव तरी घातला नसता. तुम्हाला सांगतो, पारोळ्याच्या लोटननानांची डिंपल, बंगळुरूच्या कंपनीत क्वांटम कॉम्प्युटरवर संशोधन करणारी, गावच्या सत्काराला म्हणून निघाली, चाळीसगावला उतरली आणि फलाटावरच साहेबाचा फोन. 'डिंपल, क्वांटम आपण जरा पॉज करतोय.' पॉज म्हणजे काय, तर मशीन बंद, सगळा विभाग बंद, उद्यापासून येऊ नका. सहा वर्षं हो... आणि हे नानांना सांगायचं कोणी?

नाना एसटीतून रिटायर झाल्यापासून दुसरं बोलतच नव्हते. कोणी विचारलं, 'नाना, काय करस तुमनी पोर?' की छाती पुढे, 'बरफपेक्षा थंडा कॉम्प्युटर बनावस.' कशासाठी, ते नानांना ठाऊक नव्हतं, पण ऐकणाऱ्याला तरी कुठे होतं? त्या दिवशी तर हार घेऊन पारोळ्याच्या स्टँडवर उभे. तो हार पाहिल्यावर सांगायचं कोणी?

दुसऱ्या दिवशी शाल, नारळ, सरपंच अभिमनभाऊंचं भाषण, 'आपल्या गावाची कन्या, कंटम कॉम्प्युटरवाली...' मे महिना, मांडवात माणसं घामाने निथळताहेत आणि डिंपलच्या हातात माइक. तिने ठरवलं होतं, आभार मानून खाली बसायचं. पण समोर पहिल्याच रांगेत नाना, कडक इस्त्रीचा सदरा... निघालंच तोंडातून, "आमचं मशीन एका मोठ्या फ्रीजमध्ये असायचं. अवकाशापेक्षा थंड. जरा धक्का लागला तरी त्याचं गणित विस्कटायचं, म्हणून आम्ही फार जपायचो. ते बंद केलं त्यांनी. माझी नोकरी गेली, नाना."

दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. सवय हो, बोलणं थांबलं की वाजवायच्या. नाना उठले, तिच्या खांद्यावरची शाल सारखी केली, म्हणाले, "चाल बेटा, घर जाऊत."

घरी ती रडली नाही. जेवली, भांडीसुद्धा घासली. सकाळी शेजारच्या बेबाबाई दारात. 'डिंपल, तू फ्रीजनंच काम करे ना? आमना थंडा करत नही, देख बरं जराशी.' आता यांना सांगायचं कोणी? गेली बिचारी त्यांच्या घरी. फ्रीज उघडला, आत हात घातला. कोमट हवा, विझलेला दिवा, आंबट झालेलं दूध... आणि तिथेच, ते दार धरून, पोरगी जी रडायला लागली ती थांबेचना. बेबाबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फ्रीजकडे, पदराने तिचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "रडू नको बेटी, जुनाच व्हता तो. दुसरा इकत लिसूत."