पाणी घातलेली बाटली

डॉक्टर : म्हणजे पहिल्या तपासणीच्या दिवशी हिला पाणी पाजलंत ते तुम्ही?

मामा : पाजलं म्हणजे काय डॉक्टर, उन्हाचे दिवस. पोरीच्या घशाला कोरड पडायला नको.

भाची : साफ खोटं. टेम्पोत बसल्या बसल्या हातात भलीमोठी बाटली दिलीस आणि म्हणालास, "ठमे, पोट फुटेस्तोवर पी. लघवी पातळ झाली की मशीनला काही सापडायचं नाही."

मामा : घरचे भेदी असे असतात बघा. खाऊ घालून वाढवलं मी हिला.

डॉक्टर : आणि तुमचा उद्योग काय म्हणालात?

मामा : आपलं हे... दुधाचं.

भाची : दूध संकलन केंद्र, डॉक्टर. सगळ्यांचे कॅन हाच तपासतो. तांब्याभर पाणी सापडलं तरी चारचौघांत कॅन परत. एकदा तर स्वतःच्या सासऱ्यांचा कॅन उलट पाठवला. मामी आठ दिवस माहेरी होती.

मामा : दुधाला नातंगोतं नसतं.

भाची : आणि लघवीला असतं?

डॉक्टर : थांब गं. मामा, मला एक सांगा, दुधात पाणी आहे हे कशावरून ओळखता? नुसत्या फॅटवरून?

मामा : छे! नुसत्या फॅटवर गेलात तर बुडालात. फॅट बघायचं, जोडीला दूध किती दाट ते सांगणारी डिग्रीही बघायची. दोन्ही शेजारी ठेवले की कुणी काय केलंय ते कॅन स्वतःच बोलतो.

डॉक्टर : आम्हीही तेच करतो. मूत्रपिंडाची गाळणी सैल झाली की त्यातून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन निसटतं. पण तेवढंच मोजत नाही. शरीर रोज साधारण सारखाच बाहेर टाकतं असा दुसरा एक पदार्थ आहे, तोही मोजतो. पाणी प्यायलं की दोन्ही एकदमच पातळ होतात. त्यांचं आपसातलं प्रमाण काही हलत नाही.

मामा : म्हणजे मी एवढं पाणी पाजलं त्याचा उपयोग...

भाची : वाटेत तीनदा टेम्पो थांबवावा लागला, एवढाच.

डॉक्टर : पण केलंत कशासाठी? भाचीच्या जिवावर उठला होतात का?

मामा : असं नका हो बोलू. हिची आई माझी थोरली बहीण. ही सात वर्षांची असताना साखर निघाली. त्या दिवसापासून ताईने हिला नजरेआड होऊ दिलेलं नाही. सहलीलासुद्धा मागच्या बाकावर आई! आता लांबच्या कॉलेजात नंबर लागलाय, होस्टेलला खोली मिळालीय. रिपोर्टात काही निघालं की ताई म्हणणार, बस घरी. म्हटलं, हे एक वर्ष निसटू दे.

भाची : त्याला बोलू नका, डॉक्टर. प्यायले तर मीच ना? मलाही तेच हवं होतं. आता सांगून टाका. नंतर दिलेले दोन्ही नमुने सकाळी उठल्याउठल्याचे आहेत. घोटभरही पाणी प्यायले नव्हते.

डॉक्टर : तिन्ही वेळा अल्ब्युमिन जास्त आलंय. थोडंच, पण जास्त.

(मामा टेबलावरचा पेन उचलतो, परत ठेवतो.)

भाची : पण मला काहीच होत नाही हो. पाय सुजत नाहीत, जेवण जातं, जिने धावत चढते.

डॉक्टर : काही होत नसतं म्हणूनच तर दरवर्षी बाटली मागते. मूत्रपिंडं फार सोशिक. बरीचशी कामातून जाईपर्यंत कुरकुरत नाहीत.

मामा : आमच्या ताईसारखी.

भाची : आई कुरकुरत नाही? कुठल्या ताईबद्दल बोलतोस तू?

डॉक्टर : हसतेयस, बरं आहे. नीट ऐक. गाळणीची वीण जरा सैल झालीय, फाटलेली नाही. इतक्या लवकर हाती लागलं की पुष्कळांची पुन्हा घट्ट होते, नाहीतर निदान तिथेच रोखता येते. रोज एक गोळी. ती रक्तदाबाची म्हणून ओळखली जाते, तुला मात्र गाळणीवरचा जोर कमी करायला. साखर आणखी आवरायची. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. आणि पुढेमागे मुलाबाळाचा विचार आला तर आधी मला सांगायचं, तेव्हा ही गोळी चालत नाही.

मामा : आधी मला सांगायचं!

भाची : आधी अॅडमिशन, मामा. डॉक्टर... जाऊ ना मी?

डॉक्टर : जा की. गोळीला काय, घर आणि होस्टेल सारखंच. तीन महिन्यांनी मात्र तपासायला यायचं.

मामा : डॉक्टर, मी उभा जन्म दुसऱ्यांचं पाणी पकडलं. माझं तुम्ही पकडलंत, फार बरं केलंत. फसल्या असतात तर मी हसत हसत घरी गेलो असतो आणि ही पोर... तुमचे उपकार...

डॉक्टर : उपकार राहू द्या. ताईंना फोन लावा.

मामा : लावतो. सांगतो, सगळं उत्तम आहे.

भाची : पुन्हा पाणी?

मामा : ...बरं. हॅलो, ताई? हो, दवाखान्यातच. हे बघ, निघालंय. मूत्रपिंडाचं. अगं ऐक तरी! सुरुवात आहे, अगदी सुरुवात, गोळीने रोखता येतं म्हणाल्या. हो, शेजारीच बसलीय. नाही, रडत नाहीये, मला टोमणे मारतेय... हं... हं. बरं, सांगतो.

भाची : ठेवला? काय म्हणाली?

मामा : डॉक्टरांना हात जोडून नमस्कार सांग म्हणाली.

भाची : आणि मला?

मामा : तुला विचारलंय, होस्टेलच्या खोलीत गोळ्या ठेवायला कुलपाचं कपाट आहे का.