शाफ्टाखालचं कडं

न्हाय काढणार म्हटलं न्हवं — एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आता काय पाटीवर लिहून देऊ? तुम्ही पुण्याचं पावणं, घाटातल्या शर्यतीत गाडी घालणार, तुमास्नी शाफ्टाखालचं ह्ये लोखंडी कडं जड वाटतंय — व्हय, जड हायच की, गजरा न्हाय त्यो! पर ज्ञानू मिस्त्रीनं शाफ्ट बसवला की खाली कडं येणार. नसंल पटत तर न्या ढकलत दुसऱ्या गॅरेजात, उद्यमनगरात काय कमी हाईत?

कशाला पायजे म्हणून काय इचारताय? कंपनीनं फियाटीला शाफ्ट दिलता दोन तुकड्यांचा, मधी बेअरिंगचा टेकू. तुम्ही म्हणालासा, त्यो काढा, अखंड एकच घाला, इंजिनाचा जोर थेट मागच्या चाकाला जाऊ दे. घातला! लेथवर सोता उभा राहून केला. पर आता मधी आधार न्हाय — पोरी उड्या मारत्यात तवा दोरी कशी मधी फुगती, तसा वेगात फुगतोय लांब शाफ्ट. आन् पुढचा जॉइंट तुटला की टोक रस्त्यात रुततंय, गाडी उचलून थेट दरीत. कडं असलं तर तुटलेला त्यातच अडकून ऱ्हातोय. कळलं? न्हाय कळलं. तुमास्नी ऑइलची काडी कुठली ती मला दावाय लागली! आन् ही सीट — बोल्ट मारून कुठवर पुढं आणलीया! एवढा ताडमाड गडी, काल गाडी आणलीसा तवा गुडघं स्टेअरिंगला थटत होतं. बघून हसू आलतं मला.

आन् गेल्या खेपेला येऊन म्हणालासा कसं — "मिस्त्री, मधला शाफ्ट कण्हतोय." कण्हतोय! लोक म्हणत्यात वाजतोय, घरघरतोय, थरथरतोय. कण्हतोय म्हणणारी अख्ख्या कोल्हापुरात दोनच माणसं — एक मी, आन् एक माझी लेक कालिंदी. फ्रॉकात होती तवा गाडीखाली माझ्याशेजारी उताणी पडायची, "अण्णा, ह्यो कण्हतोय" म्हणायची, आन् उघडलं की त्योच जॉइंट गेलेला. मोठी झाली तशी मी गॅरेजची पायरी बंद केली — पोरीच्या जातीनं गिऱ्हाइकासमोर काळं हात घेऊन हिंडायचं व्हय? रडली, जेवली न्हाय, पर बंद म्हंजे बंद.

मग त्यो शब्द तुझ्या तोंडात आला कुठनं? मान खाली घालू नको. व्हय, आता अरे-तुरेच करणार! दर रविवारी ती उचगावला आक्काकडं शिवण शिकाय जाती, आन् तुझी गाडीची ट्रायल बी उचगावच्याच रस्त्याला — मला काय खुळा समजलास? माझ्या पोरीला शेजारी बसवून तू घाटात — आरं, गियर टाकताना खाली बघाय लागतंय तुला, आन् तुझ्या भरवशावर माझी लेक —

थांब.

ती शेजारी बसत असंल तर ड्रायव्हरची सीट कशाला पुढं आणलीया?

बोल की. — नको, नको बोलू. कालिंदी चालवती. मालक तू, आन् घाटात गाडी घालणार माझी पोरगी. आन् बापाला कळणार कवा — पेपरात? अंगाची नुसती लाही झालीया माझ्या. दिसायला गरीब, आन् ही धंदं! — घाटात वळणाला गियर खाली टाकती का नुसता ब्रेक दाबती? ... टाकती? न बघता? ... हं. टाकणारच की. कुणाची हाय!

हसतोस काय? दात पाडीन! चावी ठेव तिथं. आज गाडी मिळायची न्हाय. आधी परका माणूस बसणार म्हणून एक कडं घातलतं, आता मागच्या टोकाला दुसरं घालणार हाय, त्याच्यापरीस जाड. — काय? वजन? वजन लई होतंय वाटलं तर तू उतर गाडीतनं, ती एकटी चालवंल. निघ आता.