एनॅमलच्या पातेल्यावर नाव

१९७४ साली सोलापुरात, भांड्यांवर नाव घालणाऱ्या हणमंताच्या दुकानी नागूबाई पाळीची वाट बघत होती. सुनेच्या माहेरचे दोन तांबे लेकीला लग्नात द्यायचे, म्हणून त्यांवर लेकीचं नाव घालायचं होतं. तिच्या पुढं मोडनिंबच्या मुक्ताबाई लेकीच्या लग्नाची भांडी मांडून बसल्या होत्या.

"मावशी, पितळ आणायचं की! ह्या स्टीलनं माझ्या तीन छिन्न्या बोथट केल्या."

"चौथी घे."

"आन् ह्ये एनॅमलचं पातेलं? ठोका बसला की टवका उडतोय. उद्या गंजंल."

"गंजू दे. नाव दिसाय पायजे."

"लेक काय नाव शिजवून खानार व्हय?"

"थोरलीची भांडी सासूनं नणंदंच्या लग्नात दिली. नाव न्हवतं, पोरगी बोलनार काय?"

हणमंतानं छिन्नी उचलली. "सांगा नाव."

"रखमा धोंडीराम."

"बापाचं?"

"सासरचं घातलं तर त्यांचंच हुतंय की!"

मग नागूबाईची पाळी आली.

"तुमचं काय नाव घालू?"

नागूबाईनं लेकीचं नाही, सुनेचं नाव सांगितलं, तिच्या बापाच्या नावासकट.

काही वर्षांनी हणमंतानं नाव घालायचं विजेचं यंत्र घेतलं, एनॅमलला मात्र पुन्हा हात लावला नाही. मुक्ताबाई वारल्या. रखमा सासरच्यांपासून वेगळी निघाली, तेव्हा नावाची भांडी तिच्याबरोबर आली. नागूबाईची सून आता सासू झाली आहे. तिच्या सुनेला त्या तांब्यांना हात लावायची सोय नाही.